न घडलेल्या इतिहासाची युद्धनौका

१९०३ साली फ्रेड जेन यांच्या युद्धनौकांच्या वार्षिक संदर्भग्रंथात एका अस्तित्वात नसलेल्या जहाजाचे वर्णन छापून आले. लेखक होते इटालियन नौदलाचे अभियंते व्हित्तोरियो कुनिबेर्ती. ब्रिटिश आरमारासाठी आदर्श बॅटलशिप कशी असावी, हा त्यांचा विषय. १७ हजार टन वजन, १२ इंची १२ तोफा, १२ इंच जाडीचे चिलखत आणि २४ नॉट वेग असा त्यांचा आराखडा होता. त्या काळच्या बॅटलशिपवर एवढ्या मोठ्या तोफा सहसा चारच असत आणि वेग १८ नॉटच्या आसपास असे. इटलीच्या नौदलाने हे जहाज बांधायला घेतले नव्हते. म्हणून ते कागदावरच राहिले आणि तेही दुसऱ्या देशाच्या नावाने.

तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९०६ मध्ये, पोर्टस्मथच्या गोदीतून ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली आणि जगातल्या बाकीच्या बॅटलशिप जुन्या ठरल्या. त्याचे श्रेय एकट्या कुनिबेर्तींना देता येत नाही. सगळ्या मुख्य तोफा एकाच मापाच्या ठेवण्याचा विचार ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही चालू होता. पण दोन्ही जहाजांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. ड्रेडनॉटचे वजन १८ हजार टनांच्या पुढे गेले. तोफा बाराऐवजी दहा आल्या. कडेचा चिलखती पट्टा ११ इंचांचा झाला. वेग २१ नॉटवर थांबला, आणि तोही त्या वेळी अगदी नव्या असलेल्या टर्बाइन इंजिनांच्या बळावर. म्हणजे वजन वाढले आणि तरीही प्रत्येक बाबतीत मागणीपेक्षा कमीच पदरात पडले.

काल्पनिक युद्धनौका रचण्याचा छंद नेमका या फरकात जगतो. इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता तर कोणत्या देशाने कोणते जहाज बांधले असते, त्याचा आराखडा करायचा आणि मग ते जहाज नौदल युद्धाच्या खेळात किंवा संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये उतरवायचे, असा हा उद्योग आहे. जेन यांचा ग्रंथसुद्धा अशाच खेळाच्या सोबतीने जन्मला. १८९८ साली त्यांनी नौदल युद्धाचा एक खेळ तयार केला होता. त्यात कागदावर काढलेल्या शत्रूच्या जहाजावर टाचणी बसवलेली छोटी पट्टी आपटायची आणि भोक जिथे पडेल तिथे चिलखत किती जाड आहे ते पाहून नुकसान ठरवायचे, अशी रीत होती. ते ठरवायचे तर प्रत्येक जहाजाच्या चिलखताची आणि तोफांची खरी माहिती हवी. ग्रंथाची गरज तिथे होती.

आज हेच काम संगणक करतो. २०१५ साली आलेल्या ‘रूल द वेव्ह्ज’ या खेळात खेळाडू विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एखाद्या नौदलाचा कारभार हाती घेतो आणि आपली जहाजे स्वतः आखतो. ‘स्प्रिंगशार्प’ नावाच्या मोफत प्रणालीत लांबी, रुंदी, तोफा, चिलखत आणि वेग भरले की ती वजनाचा ताळेबंद मांडते, आणि स्थैर्याचा आकडा १ च्या खाली गेला तर जहाज अस्थिर असल्याचे सांगते. साधने सोपी झाली आहेत. पण काल्पनिक जहाज चांगले झाले की नाही हे त्याच्या तोफांवरून ठरत नाही. आखणाऱ्याने कोणकोणत्या अडचणी मान्य केल्या आणि प्रत्येक हव्याशा गोष्टीची किंमत कशातून चुकवली, यावरून ते ठरते.

वजनाचा ताळेबंद

युद्धनौका आखणे म्हणजे ठरलेल्या पगारात महिना भागवणे. एकूण वजन हा पगार. सांगाडा, इंजिने, शस्त्रे, चिलखत, माणसे आणि त्यांचा शिधा हे सगळे त्यातूनच भागवायचे.

एक उदाहरण करून पाहू. समजा, १९३० च्या सुमारास एका मध्यम ताकदीच्या देशाला क्रूझर बांधायची आहे. ६ फेब्रुवारी १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने क्रूझरला १० हजार टन आणि ८ इंची तोफा अशी कमाल मर्यादा घातली होती. ती या देशाने पाळायची ठरवली. जहाज जितके पाणी बाजूला सारते तितकेच त्याचे वजन, हे आर्किमिडीजचे तत्त्व. पाण्याच्या रेषेवर लांबी १८० मीटर, रुंदी १९ मीटर आणि पाण्याखालची खोली ५.८ मीटर घेतली तर एक चौकोनी ठोकळा मिळतो. वेगवान जहाज दोन्ही टोकांना निमुळते असते, त्यामुळे त्या ठोकळ्याचा साधारण निम्माच भाग ते व्यापते. गुणाकार करून समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली की १०,१६६ मेट्रिक टन येतात. तहातला टन १,०१६ किलोंचा होता. म्हणजे त्या मापाने आपण जवळजवळ नेमके १० हजारांवर आलो.

आता वाटणी. सांगाड्याला ५,०००, इंजिने व बॉयलरना २,०००, तोफा आणि दारूगोळ्याला १,१०० आणि बाकी सामान, माणसे, शिधा यांना ७०० टन दिले असे धरू. एकूण ८,८०० झाले. चिलखतासाठी १,२०० टन उरले.

आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण इंजिने आणि दारूकोठारे झाकायला १०० मीटर लांब, ४ मीटर उंच आणि १०० मिलिमीटर जाड पट्टा दोन्ही कडांना लावायचा तर ८० घनमीटर पोलाद लागते. घनमीटरला ७.८५ टन या हिशेबाने ६२८ टन झाले. वरून पडणाऱ्या गोळ्यांसाठी त्याच १०० मीटर लांबीवर, १७ मीटर रुंद आणि फक्त ५० मिलिमीटर जाड चिलखती डेक टाकला तर ८५ घनमीटर, म्हणजे ६६७ टन. जाडी निम्मी असूनही डेक पट्ट्याहून जड भरला. दोन्ही मिळून १,२९५ टन झाले. मर्यादा ओलांडली गेली आणि तोफांचे बुरूज, त्यांच्या खालची चिलखती नळकांडी, आडव्या भिंती आणि सुकाणूची खोली अजून उघडीच आहेत.

नवशिक्याच्या आराखड्यात बहुतेक वेळा इथेच घोळ होतो. पट्ट्याची जाडी डोळ्यांत भरते, म्हणून ती वाढवली जाते. डेकचे क्षेत्रफळ प्रचंड असते आणि त्यावर चढवलेला प्रत्येक मिलिमीटर टनांत बोलतो, हे लक्षात येत नाही. ब्रिटनच्या ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या बॅटलशिपवर तिन्ही बुरूज पुढच्या भागात एकापाठोपाठ एक ठेवलेले दिसतात, त्याचे कारण हेच. तोफा एकत्र आणल्या की चिलखताने झाकायची लांबी कमी होते. ३५ हजार टनांच्या मर्यादेत १६ इंची नऊ तोफा आणि जाड चिलखत बसवण्यासाठी शोधलेली ती वाट होती. तिचीही किंमत मोजावी लागलीच. वेग २३ नॉटच राहिला, आणि तोफा मागच्या दिशेला वळवून डागल्या की स्फोटाचा दणका स्वतःच्याच ब्रिजला, म्हणजे जहाज चालवण्याच्या मनोऱ्याला, बसे.

तीन नॉटची किंमत

वेग ही सगळ्यांत महागडी हौस. जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० नॉटवरून ३३ वर जायचे तर वेगात वाढ दहा टक्के, पण शक्ती निदान एक तृतीयांशाने जास्त हवी. प्रत्यक्षात त्याहूनही अधिक लागते, कारण वेगाने जाणारे जहाज स्वतःच मोठी लाट उठवते आणि तिच्याशीच झगडते. शक्ती वाढली की बॉयलर वाढतात, बॉयलर वाढले की त्यांना झाकणारे चिलखत लांबते, आणि चिलखत लांबले की वजन वाढून वेग पुन्हा घटतो.

इटलीने या गणिताची दोन उत्तरे पाठोपाठ बांधून दाखवली. १९२० च्या दशकातल्या ‘त्रेंतो’ वर्गाच्या क्रूझरना दीड लाख अश्वशक्तीची इंजिने आणि सुमारे ३५ नॉट वेग होता, पण कडेचे चिलखत ७० मिलिमीटरच. त्यानंतरच्या ‘झारा’ वर्गात इंजिने ९५ हजार अश्वशक्तीची केली आणि वेग ३२ नॉटवर आणला. पट्टा मात्र १५० मिलिमीटरचा झाला. तीन नॉट सोडले आणि चिलखताची जाडी दुपटीहून वाढली. तरीही झारा १० हजार टनांत मावल्या नाहीत. त्या ११ हजारांच्या वर गेल्या आणि तहाची मर्यादा मोडली गेली.

अमेरिकेने उलट दिशेने जाऊन पाहिले. ‘साउथ डकोटा’ वर्गाच्या बॅटलशिप ३५ हजार टनांच्या आणि २७.५ नॉटच्या. पुढच्या ‘आयोवा’ वर्गात १६ इंची तोफा नऊच राहिल्या, फक्त त्यांच्या नळ्या लांबल्या. चिलखतही साधारण तेच. वेग मात्र ३३ नॉट. त्यासाठी अश्वशक्ती १ लाख ३० हजारांवरून २ लाख १२ हजारांवर न्यावी लागली, लांबी २०७ मीटरवरून २७० मीटरवर गेली आणि जहाज सुमारे १० हजार टनांनी वाढले. साडेपाच नॉटसाठी एका क्रूझरएवढे वजन खर्ची पडले. एवढी लांबी घेतली नसती तर शक्ती आणखी लागली असती, कारण लांब जहाजाला त्याच वेगाला लाटेचा अडथळा कमी होतो.

वजन कुठे ठेवले

ताळेबंद जुळला म्हणजे जहाज तरंगेल. ते उभे राहीलच असे नाही.

वजन किती आहे याइतकेच ते किती उंचीवर आहे हेही महत्त्वाचे असते. वरच्या डेकवर तोफा, मनोरे आणि टॉर्पेडोच्या नळ्या वाढवत नेल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेले जहाज पुन्हा सरळ व्हायची ताकद गमावते. १८७० साली ब्रिटनची ‘कॅप्टन’ ही बुरूजधारी युद्धनौका स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळी रात्री उलटली. बांधताना तिचे वजन आराखड्याबाहेर गेले होते, त्यामुळे आधीच बुटक्या असलेल्या कडा पाण्याच्या आणखी जवळ आल्या होत्या. त्यात शिडांचा पूर्ण संभार होता. जवळपास पाचशे माणसे बुडाली. जहाजाची कल्पना ज्यांची होती ते कूपर कोल्सही त्यांत होते.

काल्पनिक जहाज आखणाऱ्याने मात्र जपानच्या ‘तोमोझुरु’ची गोष्ट जवळून पाहावी. १९३० च्या लंडन तहाने ६०० टनांखालच्या जहाजांवर संख्येचे बंधन ठेवले नव्हते. जपानने ही फट हेरली. ६०० टनांखालच्या टॉर्पेडो बोटीवर १२७ मिलिमीटरच्या तीन तोफा आणि टॉर्पेडोच्या चार नळ्या चढवल्या. एवढी शस्त्रे खरे तर मोठ्या डिस्ट्रॉयरला शोभणारी. कागदावर हे जहाज फारच आकर्षक होते. १२ मार्च १९३४ रोजी सरावादरम्यान खवळलेल्या समुद्रात तोमोझुरु उलटली आणि ११३ पैकी १०० जण गेले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३५ मध्ये, जपानचा चौथा ताफा तुफानात सापडला आणि दोन डिस्ट्रॉयरचे पुढचे भाग तुटून वेगळे झाले. तिथे दोष उंचीवरच्या वजनाएवढाच, वजन वाचवण्यासाठी हलक्या केलेल्या सांगाड्याचाही होता. त्यानंतर जपानला आपल्या असंख्य जहाजांची तपासणी करावी लागली, काहींवरची शस्त्रे उतरवावी लागली आणि तळाशी जादा वजन भरावे लागले.

उपाय म्हणून रुंदी वाढवता येते. पण ती फार वाढवली तर जहाज झटके देत, भराभर डोलू लागते आणि तोफांचा नेम लागेनासा होतो. पुन्हा रुंद जहाजाला वेगासाठी शक्ती अधिक हवी. म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्या ओळीपासून करायचा. खऱ्या आराखडा विभागातही असेच होते. एकाच जहाजाच्या डझनावारी आवृत्त्या होतात आणि त्यातली एक गोदीपर्यंत पोचते.

गोदी, कालवा आणि दिनदर्शिका

कित्येक काल्पनिक जहाजे भौतिकशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि भूगोलात नापास होतात. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांची रुंदी ११० फूट होती. आयोवाची रुंदी १०८ फूट २ इंच का, याचे उत्तर त्या दरवाजांत आहे. अमेरिकेची जहाजे अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये नेता यायला हवी होती. जपानने हीच गोष्ट उलट बाजूने वापरली. ‘यामातो’ सुमारे ३९ मीटर रुंद आणि ४६ सेंटीमीटरच्या तोफांची करताना, तिच्या तोडीचे जहाज अमेरिकेने बांधले तर ते कालव्यातून जाणार नाही, असा एक विचार त्यामागे होता.

पण यामातो बांधायची म्हणजे फक्त पोलाद जोडायचे नव्हते. कुरे इथली गोदी एक मीटरने खोल करावी लागली. तिची बहीण ‘मुसाशी’ नागासाकीत बांधली जात होती, तर तोफा कुरेला तयार होत. त्या वाहून न्यायला ‘काशिनो’ नावाचे वेगळे जहाजच बांधावे लागले. पर्यायी इतिहासात कुणी एखाद्या छोट्या देशाला यामातो देऊन टाकतो, तेव्हा गोदी कोण खणणार आणि तोफा कोण ओतणार, हे प्रश्न मागोमाग येतात. अमेरिकन सिनेटर बेंजामिन टिलमन यांनी १९१६ साली, बांधता येईल तेवढ्या मोठ्या बॅटलशिपचे आराखडे नौदलाकडे मागितले होते. नौदलाने ते केले, आणि त्यांतला एक ८० हजार टनांचा, १८ इंची १५ तोफांचा होता. पण पनामा कालव्याची रुंदी त्याही आराखड्यांनी पाळली होती. ते कधी बांधले गेले नाहीत. पण खऱ्या आराखडाकारांची शिस्त पाहायची असेल तर तेच पाहावेत.

दिनदर्शिकेचे बंधन याहून कठोर असते. १९३६ च्या दुसऱ्या लंडन तहाने बॅटलशिपच्या तोफांना १४ इंचांची मर्यादा घातली. जपान सामील झाले नाही तर १९३७ च्या वसंतात ती १६ इंचांवर जाणार होती. ब्रिटनला थांबणे परवडणारे नव्हते. ‘किंग जॉर्ज पंचम’ १९४० पर्यंत तयार हवी असेल तर तोफांची मागणी आधीच नोंदवायला हवी होती, कारण तोफा आणि त्यांचे बुरूज हा जहाजाचा सर्वांत सावकाश तयार होणारा भाग. म्हणून तिला १४ इंची तोफा मिळाल्या. सुरुवातीला बारा ठरल्या होत्या. दारूकोठारांचे चिलखत वाढवायचे म्हणून दोन काढून टाकल्या. अमेरिका थांबली आणि तिच्या ‘नॉर्थ कॅरोलायना’ला १६ इंची तोफा मिळाल्या. ब्रिटनची शेवटची बॅटलशिप ‘व्हॅन्गार्ड’ १९४६ मध्ये सेवेत आली, तिच्या १५ इंची तोफा तर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या होत्या. ‘करेजस’ आणि ‘ग्लोरियस’ विमानवाहू झाल्या तेव्हा त्यांच्यावरून काढून ठेवलेल्या. गोदामात तयार बुरूज पडून आहेत, या एका कारणाने एक आख्खे जहाज आकाराला आले.

इतिहास कुठे वळवायचा

मग प्रश्न येतो ‘जर’चा. इतिहासाचा एकच धागा बदलायचा आणि बाकीचे धागे जसेच्या तसे ठेवून त्याचे परिणाम शोधायचे, ही पद्धत सर्वांत फलदायी आहे.

या छंदातले सर्वांत लाडके ‘जर’ म्हणजे वॉशिंग्टन तह झालाच नसता तर. ब्रिटनने १९२१ च्या शरद ऋतूत ‘जी-३’ वर्गाच्या चार बॅटलक्रूझरची मागणी दिली होती. सुमारे ४८ हजार टन, १६ इंची नऊ तोफा आणि ३१ नॉटच्या वर वेग. तहामुळे त्या रद्द झाल्या. तह नसता तर त्या समुद्रात दिसल्या असत्या, असे म्हणणे सोपे आहे. पण तह नसता तरी ब्रिटनवरचे युद्धकर्ज तसेच असते. जपानमध्ये सरकारी खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा एकट्या नौदलावर जात होता, तोही तसाच राहिला असता. आणि १ सप्टेंबर १९२३ चा कांतो भूकंपही झालाच असता. त्या भूकंपात योकोसुकाच्या गोदीत ‘अमागी’ या अपुऱ्या जपानी जहाजाचा सांगाडा दुरुस्तीपलीकडे मोडला. तह नसता तर तोवर ती पाण्यात उतरली असती का, आणि नसती तर जपानने तिच्या जागी काय केले असते, हे आखणाऱ्याला ठरवावे लागते. भूकंप कुठल्याही कराराने टळत नाही.

मराठी वाचकाच्या मनात याच ठिकाणी दुसरा ‘जर’ उभा राहतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हल्ला केला. पेशव्यांचे सैन्य त्यांच्या बाजूने होते. तुळाजी आंग्रे यांचे आरमार त्यात जळाले. ते वाचले असते तर पुढच्या पन्नास वर्षांत कोकणात कोणते जहाज तयार झाले असते? इथे लगेच ७४ तोफांची तीन डोलकाठ्यांची युद्धनौका काढून मोकळे होण्याचा मोह होतो. पण आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते कोकणच्या खाड्यांसाठी घडलेली होती. बुडाशी उथळ, वाऱ्याला हलकी. गुराबेच्या नाळेवरच्या तोफा समोरून मारा करत, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. मोठ्या युद्धनौकेला खोल बंदर लागते, आणि ती आली की खाडीत शिरून निसटण्याचा जुना डावच हातचा जातो.

तंत्र या किनाऱ्याला अशक्य होते असे नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१३ साली ७४ तोफांची ‘कॉर्नवॉलिस’ सागवानात बांधली. १८१७ ची त्यांची ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाहता येते. म्हणजे लाकूड होते, सुतार होते. मराठ्यांच्या काल्पनिक जहाजाने सोडवायचे प्रश्न वेगळे आहेत. एकसारख्या जड तोफा वर्षानुवर्षे पुरवणारा कारखाना कुठला, खोल बंदर कोणते, आणि पेशवे व आंग्रे यांच्यातला वाद मिटवून ताफ्याचा खर्च कोणाच्या तिजोरीतून चालला? ही उत्तरे नीट लिहिली तर जहाज बहुधा ७४ तोफांचे निघत नाही. जास्त तोफांची, जास्त मजबूत बांधणीची मोठी गुराब निघते, आणि ती त्या किनाऱ्याला अधिक शोभते.

पटावरची परीक्षा

आराखडा झाला की तो पटावर उतरतो. नौदलांनीही न बांधलेली जहाजे अशी तपासली आहेत. १९३० च्या लंडन तहाने क्रूझरच्या एकूण टनांपैकी चौथ्या हिश्शापर्यंतच्या जहाजांवर विमाने उतरवण्याचा डेक ठेवायला परवानगी दिली होती. अमेरिकन नौदलाने त्यावरून अर्धी क्रूझर आणि अर्धी विमानवाहू अशा जहाजाचे आराखडे केले, आणि न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजमधल्या युद्धखेळांत ते जहाज खेळवून पाहिले गेले. ते कधीच बांधले गेले नाही. तोफांच्या मारगिरीत येणारे जहाज आणि पेट्रोलने भरलेली विमाने ही जोडी एकत्र नांदणे कठीणच होते.

परीक्षा खरी व्हायची तर पंच निःपक्षपाती हवा. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेचा सराव पटावर केला. फासे टाकून पंचाने जपानच्या दोन विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल दिला. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी तो बदलून तीनवर आणला, आणि बुडालेली ‘कागा’ नंतर पुन्हा खेळात आली. जूनमध्ये खऱ्या मिडवेला कागासह चार विमानवाहू जहाजे बुडाली. आपल्या लाडक्या जहाजाला पाठीशी घालायची इच्छा अ‍ॅडमिरललाही आवरत नाही, मग एकट्याने खेळणाऱ्याने किती सावध राहावे हे उघड आहे. दोन जणांनी एकमेकांच्या आराखड्यांचे पंच व्हावे, हे त्याहून बरे.

काही गोष्टी ताळेबंदात कधीच दिसत नाहीत. झारा, फ्यूमे आणि पोला या इटालियन क्रूझर मार्च १९४१ मध्ये मातापान भूशिराजवळ बुडाल्या. त्यांचे १५० मिलिमीटरचे चिलखत ८ इंची गोळ्यांसाठी होते. ब्रिटिशांकडे रडार होते आणि इटालियनांकडे नव्हते. त्यामुळे झारा आणि फ्यूमे रात्रीच्या अंधारात अगदी जवळून १५ इंची तोफांच्या तडाख्यात सापडल्या.

‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ची गोष्टही अशीच. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला १० हजार टनांची मर्यादा घातली, म्हणून डिझेल इंजिने आणि ११ इंची सहा तोफा अशी अनोखी जुळणी करून ती बांधली गेली. आपल्याहून वेगवान जहाजांपेक्षा बलवान आणि बलवानांपेक्षा वेगवान, असा तिचा आराखडा होता. १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाबाहेर तिची तीन लहान क्रूझरशी गाठ पडली. कागदावर ती तिघींपैकी प्रत्येकीहून वरचढ होती. पण ‘एक्सेटर’च्या एका ८ इंची गोळ्याने तिची इंधन शुद्ध करणारी यंत्रणा निकामी केली. जर्मनी हजारो मैल दूर होता. चार दिवसांनी तिच्या कप्तानाने ती माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच बुडवली.

त्या तिघींपैकी ‘अकिलिस’ १९४८ साली भारताने विकत घेतली आणि ती ‘आयएनएस दिल्ली’ झाली. १९५६ च्या या लढाईवरच्या चित्रपटात तिनेच आपली जुनी भूमिका केली, आणि १९७८ पर्यंत ती भारतीय नौदलात होती. म्हणजे तहांच्या आणि आराखड्यांच्या त्या काळातले एक जहाज भारताच्या खऱ्या इतिहासातही येऊन गेले.

ज्यांना हा छंद करून पाहायचा आहे त्यांनी अशाच एखाद्या खऱ्या जहाजापासून सुरुवात करावी. आयएनएस दिल्लीची, म्हणजे अकिलिसची, लांबी, रुंदी, तोफा आणि चिलखत यांचे आकडे उपलब्ध आहेत. त्यांतली एकच गोष्ट बदलावी. ६ इंची आठ तोफांच्या जागी ८ इंची सहा बसवाव्यात, किंवा वेग तीन नॉटने कमी करावा. मग ते वजन कुठून आले, कुठे गेले, कोणत्या गोदीत आणि किती महिन्यांत हे झाले असते, आणि त्यासाठी कोणत्या सरकारने पैसे दिले असते, हे एका पानावर लिहून काढावे. ते पान भरेपर्यंत पट मांडू नये.